धोंड्याच्या महिन्यातले चार परवाने

योगेंद्रचा फोन आला तेव्हा सरलाबाई गच्चीवरून खाली उतरत होत्या. सकाळपासून ही त्यांची तिसरी खेप. मार्च महिन्यापासून घरात सगळ्यांची समजूत होती, की आजी कुरडयांवर फडकं टाकायला वर जाते. कुरडया तर एप्रिलातच वाळून डब्यात गेल्या होत्या. पण सुरतेतल्या लिंबायतच्या त्या तीन मजली घरात कोणाला डबे बघायला वेळ होता? सरलाबाई रोज तीन वेळा त्रेपन्न पायऱ्या चढायच्या, वर जाऊन गुडघ्यांना दम द्यायच्या आणि पुन्हा उतरायच्या. गुडघे सुरुवातीला कुरकुरले, मग नव्या सुनेसारखे हळूहळू घरात रुळले.

"मिळाले! चारही मिळाले!" खालून हर्षदा किंचाळली. "आजी, काकांनी चार परवाने पकडले! गोरिलाचे!"

सरलाबाई शेवटच्या पाच पायऱ्या जरा घाईनेच उतरल्या.

हर्षदा ही त्यांची नात, मोठ्या धर्मेंद्रची मुलगी. धाकटा मुलगा योगेंद्र चार वर्षांपूर्वी सुरतचं छापील कापड विकायला युगांडात गेला आणि कंपालातच राहिला. तिथल्या डोंगरात गोरिला राहतात, आणि सरकारचा परवाना घेऊन चालत जाऊन ते बघता येतात, हे या घराला त्यानेच सांगितलं. तेव्हापासून घरातल्या म्हाताऱ्याला, म्हणजे सरलाबाईंच्या नवऱ्याला, हिलालआबांना, दुसरं काही सुचत नव्हतं. पस्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून आबांचे कान गेले होते. ते टीव्ही आवाज बंद करून बघायचे. बातम्या कळत नसत, मालिकांतली भांडणं कळत नसत. पण जंगलातली जनावरं आवाजाशिवायही कळतात. दुपारी गोरिलाचा कार्यक्रम लागला, की आबा सरलाबाईंना हात करून बोलवायचे आणि पाठीवर चंदेरी केस असलेल्या त्या थोराड नराकडे बोट दाखवायचे. "देख, शेठ बठना," म्हणायचे. तो खरंच शेठसारखा बसायचा, पोटावर हात ठेवून, सगळ्यांवर नजर ठेवून.

सरलाबाईंना मात्र शेठमध्ये फारसा रस नव्हता. त्या बघायच्या ती पाठीवर पोर घेऊन चढणारी माय. काटेरी पाल्यातून, चिखलातून, एका हाताने मुळं धरत ती वर जायची, आणि पोर तिच्या केसांत मूठ रुतवून निवांत इकडेतिकडे बघायचं. अमळनेरजवळच्या गावातून धर्मेंद्रला कडेवर घेऊन सुरतेला आल्यापासून सरलाबाई गावाला जाऊन आल्या होत्या ते बाळंतपणांना, लग्नांना आणि मयतांना. कुठलीही गाडी त्यांनी कामावाचून पकडली नव्हती. नुसतं बघायला म्हणून कुठेतरी जावं, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्या दुपारच्या टीव्हीसमोर त्यांच्या मनात आली, आणि मग निघायलाच तयार होईना.

मग मार्चमध्ये हर्षदाने कागद-पेन घेऊन सगळ्यांना विचारलं होतं, "कोण कोण येणार?" आणि सरलाबाई म्हणाल्या होत्या, "मी कोठे येस माय त्या जंगलमा! मना गुडघा दुखतस."

असं म्हणायचंच असतं. पाहुण्याने पहिल्या वाढपाला ताटावर हात आडवा धरायचा असतो, माहेरच्या साडीला "कशाला आणली" म्हणायचं असतं, आणि म्हाताऱ्या माणसाने कुठे यायचं म्हटलं की आधी नाही म्हणायचं असतं. मग समोरच्याने आग्रह करायचा, दुसऱ्यांदा करायचा, तिसऱ्यांदा जरा रागवायचं, आणि मग आपण म्हणायचं, "बरं बाई, तुमच्यासाठी येते." सरलाबाई आयुष्यभर अशाच जगल्या होत्या. पण हर्षदा पडली कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाईन करणारी. तिथे एकदा 'नाही' दाबलं की नाहीच. तिने "आजी – नाही" असं लिहिलं आणि पुढच्या नावाकडे गेली.

अडीच महिने सरलाबाई दुसऱ्या आग्रहाची वाट बघत जिना चढत होत्या.

*

त्या रविवारी घरात नेमका जावयाचा पाहुणचार होता. यंदा अधिक महिना आलेला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई जेवायला आले नाहीत तर सासूला नाव ठेवायला अख्खं लिंबायत मोकळं. म्हणून अनुजा आणि परागराव सकाळच्या गाडीने नाशिकहून आले होते. चंचलने, म्हणजे मोठ्या सुनेने, पहाटेपासून पुरण वाटलं होतं. खापरावरचे मांडे, आमरस, पुरणाचे धोंडे आणि जावयाच्या वाणाला तेहतीस अनारसे. परागराव बँकेतले, मोजून बोलणारे आणि मोजून जेवणारे. पण मांड्यावर त्यांचा हात सैल सुटला होता.

"एक एक नियम ऐका हं," हर्षदाने मोबाइल उंच धरला. "आठ जणांच्या वर एका टोळीत नाही. गोरिला दिसले की बरोबर एक तास. घड्याळ लावून. त्यांच्याजवळ जायचं नाही, बोट दाखवायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आणि सर्दी-खोकला असला तर पाठवतच नाहीत. आपली सर्दी त्यांना होते."

"म्हणजे ते आपले भाऊबंदच," परागराव म्हणाले.

"भाऊबंदच, पण जमिनीचा दावा लावत नहीत," धर्मेंद्र म्हणाला, आणि सगळे हसले. धर्मेंद्रचे कडोदऱ्याला लूम होते, गावाकडे चुलत्यांशी दावा होता. तो हसला म्हणजे त्या दिवशी दोन्हीकडे बरं चाललेलं असायचं.

आबांना ओठांवरून अर्धंमुर्धं कळत होतं. उरलेलं सरलाबाई हाताने सांगत होत्या. लूमखात्यात सगळ्यांचं बोलणं असंच चालायचं. कांडी भरायला तिथे सरलाबाईही नऊ वर्षं होत्या, आणि त्या खडखडाटात दोघांचा संसार निम्मा हातांनीच बोलून झाला होता. एक तास, बोट नाही, आवाज नाही, एवढं त्यांनी तीन खुणांत सांगितलं. आबा खूश झाले.

"मंग आपलंच काम शे हाई!" ते नको तितक्या मोठ्याने म्हणाले. "बोलानं नही, नुसतं देखानं!" आणि ताटावरून उठून ते गोरिलासारखे दोन्ही मुठी जमिनीला टेकत पडवीत दोन फेऱ्या मारून आले. अनुजा हसून हसून आमरसात पदर बुडवून बसली. जावयासमोर सासऱ्याने असं करावं का, हा विचार सरलाबाईंच्या मनात आला. पण तो विचार येईपर्यंत परागराव मोबाइलवर आबांचं चित्रण करत होते.

"डोंगर फार चढायचा आहे का पण?" परागरावांनी विचारलं.

"कधी दोन तास, कधी सहा. गोरिला कुठे असतील त्यावर. आबांना थकवा आला तर तिथली माणसं डोलीत बसवून नेतात. मी विचारलंय." हर्षदा बोटांवर मोजू लागली. "व्हिसा काका बघणार. पिवळ्या तापाची लस घ्यायची आहे. आबांना डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय. आज संध्याकाळपर्यंत फक्त चार नावं आणि पासपोर्टचे नंबर पाठवायचे. आबा, पप्पा, मम्मी आणि मी. बस, पूर्ण!"

चंचलने ओच्याला हात पुसले आणि लाजून हसली. तिने बुटांचं खोकं आधीच आणून ठेवलं होतं. दोनदा घालून घरातल्या घरात चालूनही झालं होतं. सरलाबाईंनी ते खोकं पाहिलं होतं. चिडल्या नव्हत्या. एवढंच वाटलं होतं, की आपणही एकदा तो बूट पायात घालून बघायला हवा होता.

"तारीख कोणती गं?" चंचलने विचारलं.

"तेवीस ऑगस्ट. रविवार. मी मुद्दाम उशिराची सांगितली काकांना. गेल्या वर्षी कानबाई तीन ऑगस्टला आली होती ना? म्हणजे सण होऊन वीस दिवस झालेले. बघा, केवढं डोकं लावलं मी!"

चंचल उठली, भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटत ऑगस्टवर आली आणि तिथेच उभी राहिली.

"काय व्हयनं?" धर्मेंद्रने विचारलं.

"सोमवारी सतराला नागपंचमी शे," चंचल म्हणाली. "त्याच्यानंतरचा रविवार तेवीस. तेवीस तारखेलेच कानबाई शे."

मांडा हातात तसाच धरून धर्मेंद्र हर्षदाकडे बघत राहिला. पाटावर समोर धोंडे मांडलेले, जावई धोंड्याच्या वाणाला बसलेला, आणि याच अधिक महिन्याने पुढचे सगळे सण ढकलत नेले आहेत हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. इथे दुष्काळही नव्हता, आमरसाची वाटी भरलेली होती, पण तेरावा महिना मात्र बरोबर आडवा आला.

*

खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसाने काय वाटेल ते सोडलं असेल, कानबाई सोडली नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात बसते, सोमवारी वाजतगाजत जाते. त्या रविवारी गव्हाचे जाड रोट होतात, आणि ते फक्त भाऊकीने खायचे असतात. घरातला माणूस मुंबईला असो नाहीतर इंदूरला, त्या दिवशी घरी येतो. लिंबायतमध्ये त्या रात्री झोपलेला माणूस सापडायचा नाही.

"तारीख बदल," धर्मेंद्र म्हणाला.

"ऑगस्टमध्ये दुसरी तारीखच नाहीये, पप्पा! तिकडे पाऊस नसतो म्हणून सगळी दुनिया तेव्हाच जाते. काकांनी ही कशी पकडली ते त्यांनाच माहीत." हर्षदाचे डोळे भरून आले. "माझीच चूक आहे. मी मागच्या वर्षीचं बघितलं."

तिने योगेंद्रला व्हिडिओ कॉल लावला. योगेंद्र कंपालात कापडाच्या ताग्यांच्या मध्ये बसला होता. त्याने आधी सगळ्यांना हात जोडले, मग जावयाला वेगळे जोडले, आणि सगळं ऐकून म्हणाला, "भाऊ, देवीले मी तठून हात जोडसू. आबानं वय काय कमी व्हई ऱ्हायनं का? पुढलं साल कोनी देखेल शे?"

"घरना मोठा मानूस रोटले नही म्हंजे कसं व्हई? भाऊकी काय म्हनी?"

"भाऊकी आपल्याले जमीन देत नही, मंग तिले कसाले भ्यानं?"

इतक्यात आबा मधे पडले. त्यांना सगळ्यांच्या तोंडांवरून वादाचा सुगावा लागला होता, आणि 'कानबाई' हा शब्द ते कोणाच्याही ओठांवरून ओळखत. "मी जासू," ते म्हणाले. "कानबाईले मी सांगी देसू. पन्नास साल तिन्हा रोट खाधात मी. ती माले एक दिवसनी सुटी देई. शेठ नही ती."

देवीशी आबांचं जुनं होतं.

"बरं," धर्मेंद्र शेवटी म्हणाला. "आबा जाऊ द्या. पण कानबाई बसवायला जोडपं लागतं. मी आणि चंचल इथेच राहू." त्याने बायकोकडे बघितलं नाही. "म्हणजे दोन जागा मोकळ्या."

दोन जागा. सरलाबाई स्वयंपाकघराच्या दारात अनारशांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचं काळीज इतक्या जोरात वाजायला लागलं, की आबा सोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांना वाटलं. आता हर्षदा वळेल. आता म्हणेल, आजी, तू चल ना. आणि या खेपेला पहिल्या आग्रहालाच हो म्हणायचं, असं त्यांनी मनाशी पक्कंही केलं.

"परागराव," धर्मेंद्र म्हणाला, "तुम्ही आणि अनुजा का जात नाही?"

अनुजाने तोंडावर हात घेतला. "दादा! खरंच?"

"खरंच म्हणजे? रोट तुम्हाला तसेही चालत नाहीत. लेक दुसऱ्या घरची. त्या दिवशी तुम्ही इथे येऊन करणार काय? आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाला द्यायचंच असतं. कोणी चांदीचं ताट देतं. आम्ही गोरिला देतो!"

सगळं घर पुन्हा उसळलं. हर्षदाने आत्याच्या गळ्यात हात टाकले. योगेंद्र तिकडून "एकदम बरोबर!" म्हणाला. परागराव आधी "छे छे, आमचं काय" म्हणाले, दुसऱ्यांदा "सुट्टी मिळायला हवी" म्हणाले आणि तिसऱ्यांदा नुसतेच हसले. सरलाबाईंनी ते तीनही टप्पे नीट पाहिले. जावयाला रीत माहीत होती, आणि त्याला आग्रह करणारी माणसंही मिळाली होती. आता सासूने तोंड उघडायचं म्हणजे वाणाला बसलेल्या जावयाच्या पुढ्यातलं ताट ओढायचं. सात पिढ्यांत कोणी केलं नसेल असं.

"आई, ठेव ना ते अनारसे," अनुजा म्हणाली. "तू काहीच बोलत नाहीस! तुझ्या जावयाला गोरिला भेटणार आहे."

"भेटो, भेटो," सरलाबाई म्हणाल्या आणि ताट ठेवायला वाकल्या. ताट कललं, एक अनारसा घरंगळत पाटाखाली गेला.

हे सगळं एका माणसाने पाहिलं होतं. ज्याला ऐकू येत नाही तो चेहरे बघत बसतो. आबांनी दोन्ही मुठी वर केल्या आणि एकीवर दुसरी आपटली. लूमखात्यात या खुणेचा अर्थ एकच, धागा तुटलाय, लूम बंद करा. पोरांना ती खूण लहानपणापासून माहीत होती. बोलणं जागच्या जागी थांबलं.

"तिले कोनी इचारं का?" आबा म्हणाले.

"कोणाला, आबा?" हर्षदा म्हणाली. मग तिने आबांच्या नजरेमागे पाहिलं. "आजीला? आजीला तर मी सगळ्यात आधी विचारलं होतं. आजी नाही म्हणाली. मी लिहिलंय."

"आई, तू तं नही म्हनेल व्हती ना?" धर्मेंद्र म्हणाला.

सगळी तोंडं सरलाबाईंकडे वळली. जावयाचंही. सवयीने त्यांच्या ओठांवर तेच आलं, मी कोठे येस माय. अर्धं बाहेरही पडलं. "मी कोठे..." आणि तिथे त्या थांबल्या. त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. हे वाक्य आपण किती वेळा बोललो आणि त्यातल्या किती वेळा कोणी दुसऱ्यांदा विचारलं, असा हिशेब मनात उभा राहिला आणि त्यांना एकदम संताप आला. दुसऱ्या कोणाचा नाही, स्वतःचाच.

"मले बी जानं शे," त्या म्हणाल्या.

"मले जानं शे," त्यांनी पुन्हा सांगितलं, यावेळी जरा मोठ्याने, कंपालापर्यंत पोचेल इतक्या. "मार्च महिनापाईन जिना चढी ऱ्हायनू मी. रोज तीन डाव. गच्चीवर एक बी कुरडई नही. आबाले डॉक्टरकडे कोन लई गयथं? मीच ना? मी त्याले म्हनलं, बाईमानूसले चालस का ती लस? त्यानी मनं ब्लडप्रेशर बी देखं, छाती बी देखी. म्हने काकी, तुम्ही तं आबापेक्षा ठणठणीत शेतस. पासपोर्ट शे मना. योगेंद्र गया तव्हय सगळासना काढेल व्हता. कोरा पडेल शे." मग त्या जावयाकडे वळल्या. "परागराव, माफ करा. तुमच्या ताटातलं काढत नाही मी. पण मलाही जायचंय. कोणाचं बाळंतपण नाही, कोणाचं काही नाही. नुसतं बघायला जायचंय."

अनुजाचा चेहरा पडला होता. "अगं पण आई, असं आधी नाही का सांगायचं? आता यांच्यासमोर..."

"अनुजा," परागराव म्हणाले. मग ते पाटावरून उठले, वाकले आणि पाटाखाली गेलेला अनारसा शोधून काढून फुंकर मारून तोंडात टाकला. "मी दोनदा नाही म्हणालो, आणि आतून मला पहिल्यापासून जायचं होतं. आईंनी 'नाही' एकदाच म्हटलं आणि तुम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं. चूक कोणाची ते तुम्ही ठरवा. माझं वाण अर्धं करा. आई जाऊ देत, आणि दुसरी जागा अनुजाची. मला ऑगस्टात सुट्टी मिळण्याची खात्री नाहीच."

"आणि तुम्ही?" अनुजा म्हणाली.

"मी चांदीचं ताट घेईन," परागराव म्हणाले. अनुजा आधी हसली, मग आईजवळ जाऊन तिच्या खांद्यावर डोकं ठेवून जराशी रडली. रागाने की आनंदाने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हर्षदा तर आजीच्या पायाशीच बसली होती आणि "सॉरी आजी, सॉरी आजी" एवढंच म्हणत होती. सरलाबाईंनी तिच्या डोक्यात एक टपली मारली. एवढ्यावर तो विषय मिटला.

*

पण धर्मेंद्रच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. "आई, सगळं खरं. पण कानबाई? मी नि चंचल बसू, पण सगळं तूच करतेस. नारळाला डोळे तू काढतेस, नथ तू घालतेस, रोटाचं तू बघतेस. तू नसलीस तर..."

हे सरलाबाईंच्या मनात आलंच नव्हतं. कानबाईचा नारळ म्हणजे देवीचं तोंड. त्याला काजळाने डोळे त्यांच्या सासूने काढले, आणि सासूनंतर त्यांनी. एकदाही दुसऱ्या हाताने नाही. चंचलने दोनदा विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "राहू दे, तुझा हात हलेल." चंचल फक्त पुरण वाटायची.

चंचल आत्तापर्यंत कालनिर्णयाजवळच उभी होती. तिची जागा गेली होती, बुटांचं खोकं भिंतीला लागून पडलं होतं, आणि तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं. ती पुढे आली.

"खरं सांगू का, आई? मले शेजारना चलथाणलोंग बसमा जावो तं उलट्या व्हतीस. इमानमा मी काय करतू? हर्षदाना पप्पा जाई ऱ्हायना व्हतात म्हनून मी हो म्हनलं." ती थांबली, आणि मग जे बोलली ते बरंच जुनं असणार, कारण शब्द शोधावे लागले नाहीत. "बावीस वरीस व्हई गयात. दरसाल मी पुरण वाटस आनि तुम्ही डोया काढतस. मना हात हालत नही, आई. मी काढसू डोया."

सरलाबाईंना पहिलं वाटलं ते हे, की नको. परवाना नको, गोरिला नको, आपण आपली कानबाई धरून बसू. जिना चढून गुडघे दुखले नव्हते इतकं हे दुखलं. आत्ता आपण सगळ्यांदेखत हक्काने मागितलं, आणि आता हिने मागितलं तर आपल्याला जड जातंय, हेही त्यांना लखलखीत कळलं. लेकीला जवळ घेणं सोपं होतं. सुनेला हे द्यायचं म्हणजे हातातलं काढून द्यायचं.

त्यांनी चंचलकडे बघितलं. पीठ लागलेले, पुरण वाटून वाटून तळवे घट्ट झालेले हात.

"काजळ घरचं कर," त्या म्हणाल्या. "बदामाचं. बाजारचं पसरतं. आणि आधी डावा डोळा काढायचा, मग उजवा. उजवा आधी काढला की मोठा होतो."

चंचलने मान हलवली. तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच कामाला लागल्यासारखी बोटं मोजायला लागली, कारण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. "आनि रोटले गहू? मानसागनीक सव्वा मूठ ना?"

"घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ."

"मंग यंदा एकच. हर्षदाना पप्पा. आबा नि योगेंद्रभाऊ तं घरमा नही."

"असं नाही," सरलाबाई म्हणाल्या. "माणूस घरात नसला तरी त्याच्या नावाचं माप घालायचं. आबांना एकदा शेठने सुट्टी दिली नाही, रविवारी पाळीला उभं केलं, तेव्हाही मी त्यांची मूठ घातली होती. देवीला कळलं पाहिजे, की हा आपलाच आहे, बाहेर गेलाय आणि परत येणार आहे."

"मंग तीन."

"तीन."

चंचलने चौथं बोट वर केलं. "चार," ती म्हणाली.

"चौथं कोणाचं? पोरगा कुठेय आपल्यात चौथा?"

"तुमचं."

"वेडी आहेस का? बायांचं माप नसतं."

"बाया कव्हय बाहेर गयात, तं माप राही?" चंचल म्हणाली. "तुम्ही बी आपल्याच शेतस. बाहेर जाई ऱ्हायनात आनि परत येनार शेतस. कानबाई मी बसाडसू ना? मंग माप बी मीच घालसू."

धर्मेंद्र काहीतरी म्हणणार होता, भाऊकीबद्दलच असणार. आबांनी मुठी वर केल्या, तसा तो गप्प झाला. मोबाइलमध्ये योगेंद्र कधीचा नावं विचारत होता. हर्षदाने "एक मिनिट काका, एक मिनिट" म्हणत फोन उलटा धरला होता, त्यामुळे त्याला सगळं घर छताकडून दिसत होतं.

सरलाबाईंनी चंचलचा हात ओढला, तिची बोटं मिटून मूठ केली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबली.

"अशी भरजो," त्या म्हणाल्या. "दाबीसन. मले डोंगर चढना शे."